आधी मोजा, मग बदला

गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात ओहमचा नियम शिकवीत आहे. तोच नियम माझ्या मोटारीतील एका तारेने मला पुन्हा शिकवला, आणि त्याची फी म्हणून जवळजवळ सोळा हजार रुपये वसूल केले. ती हकीगत येथे सांगणार आहे. परंतु मोटारदुरुस्तीचे ज्ञान देणे हा माझा उद्देश नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगांविषयी माझे एक मत बनले आहे आणि ते या हकीगतीमुळे बनले आहे, म्हणून आधी हकीगत व मग मत, असा क्रम ठेवतो.

घाटातला दिवा

माझी मोटार लहान, जुनी व दुसऱ्याच्या हातून घेतलेली आहे. एकदा चिपळूणहून कऱ्हाडला येताना कुंभार्ली घाटात संध्याकाळ झाली. पुढे मालाने भरलेला ट्रक होता. त्याला ओलांडण्यासाठी मी दुसरा गिअर टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. त्याच क्षणी समोरच्या फळीवरचा बॅटरीचे चित्र असलेला तांबडा दिवा मंदसा लागला. पाय सैल करताच तो विझला. घाट चढून येईपर्यंत असे चार-पाच वेळा झाले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तेथे इंजिन जागच्या जागी चालवून बॅटरीवर मीटर लावला, तर १४.१ व्होल्ट! म्हणजे सर्व ठीक. तरीही "बॅटरी जुनी झाली आहे, बदलून टाका" असा सल्ला मिळाला. मी बदलली. पुढच्या फेरीला घाटात दिवा पुन्हा लागला. "मग अल्टरनेटरच गेला असणार." तोही बदलला. तिसऱ्या फेरीला दिवा पुन्हा हजर!

या सगळ्यात गॅरेजवाल्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण वर्गात उठता-बसता "निष्कर्षाला आधार काय?" असे विचारणारा मी, येथे मात्र एकही प्रश्न न विचारता पैसे मोजत होतो, हे मला विसरता येत नाही.

दिवा काय सांगतो?

आता ही यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात पाहू. मोटारीतील शिशाच्या बॅटरीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भारित असताना व काही काळ स्वस्थ ठेवल्यावर तिच्या टोकांमध्ये सुमारे १२.६ व्होल्ट विभवांतर मिळते. बॅटरी भारित करायची तर बाहेरून याहून अधिक, म्हणजे साधारण १४ व्होल्ट द्यावे लागतात. हे काम इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर करतो. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर तो चालतो. फिरत्या विद्युतचुंबकामुळे भोवतालच्या वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो, डायोड त्याचे रूपांतर एकाच दिशेच्या प्रवाहात करतात, आणि इंजिन हळू फिरो वा जोरात, विभवांतर १४ व्होल्टच्या आसपास राहील याची काळजी रेग्युलेटर घेतो.

आणि तो तांबडा दिवा? पुष्कळांची समजूत अशी असते, आणि माझीही होती, की बॅटरी कमजोर झाली म्हणजे तो लागतो. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीच्या मोटारींत या दिव्याचे एक टोक किल्लीमार्गे बॅटरीच्या धन अग्राला आणि दुसरे टोक अल्टरनेटरच्या एका लहान अग्राला जोडलेले असते. किल्ली फिरवली पण इंजिन सुरू केले नाही, तर एका टोकाला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य. म्हणून दिवा लखलखीत लागतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर कामाला लागला की दोन्ही टोके एकाच विभवाला येतात आणि दिवा विझतो. दोन टाक्यांतील पाण्याची पातळी सारखी झाली की मधल्या नळीतून पाणी वाहत नाही, तसेच हे आहे.

म्हणजे दिवा एवढेच सांगतो की, "माझ्या दोन टोकांच्या विभवात फरक पडला आहे." फरक कोणामुळे पडला ते तो सांगत नाही. बॅटरी बदला असे तर तो मुळीच म्हणत नाही!

तीन अंदाज

शेवटी कऱ्हाडात मोटारींच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारले, "सर, दिवा नेमका कधी लागतो ते सांगा. चढावर की सपाटीवर? हेडलाइट लावलेले असताना की नसताना? आणि पूर्ण उजेडात लागतो की मिणमिणतो?"

मी आठवून सांगितले: चढावर, जोर दिल्यावर, संध्याकाळी हेडलाइट लावलेले असताना, आणि मिणमिणतो.

"मग तीन गोष्टी असू शकतात," ते म्हणाले. "पट्टा घसरत असेल, अल्टरनेटरच्या आत काही सैल असेल, नाहीतर वायरिंगमध्ये कुठेतरी तुटत असेल. अल्टरनेटर नवा बसवलाय, तरी लक्षण तेच राहिलंय. तेव्हा त्याचा नंबर शेवटी."

पहिला अंदाज पट्ट्याचा. हा अंदाज अगदी वाजवी आहे. अल्टरनेटरची कप्पी लहान असल्यामुळे तो इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतो. इंजिनाचा वेग एकदम वाढला की अल्टरनेटरच्या जड फिरत्या भागाचा वेगही एकदम वाढवावा लागतो, आणि त्यासाठी पट्ट्याला अधिक बल लावावे लागते. शिवाय हेडलाइट लागले की अल्टरनेटर फिरवणे आणखी जड जाते. १४ व्होल्टला ५० अँपिअर म्हणजे ७०० वॅट झाले. वाटेतला व्यय धरला तर इंजिनाकडून एक किलोवॅटहून अधिक शक्ती घ्यावी लागते. पट्टा सैल असेल तर घर्षण पुरे पडत नाही, तो किंचाळतो आणि घसरतो.

पण या अंदाजाची परीक्षा कशी घ्यायची? येथे त्या कारागिराने जे केले ते मला फार आवडले. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेची तार, असे सगळे चालू करून, गाडी उभी ठेवून व गिअर न टाकता त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला. विचार करा: गिअर नसताना इंजिनाला गाडी ओढायची नसते, त्यामुळे त्याचा वेग घाटातल्यापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो. पट्टा घसरणारच असेल तर तो येथे आधी घसरला पाहिजे. तो घसरला नाही. दिवाही लागला नाही. एक अंदाज बाद झाला, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही.

मग घाटात असे काय घडते, जे उभ्या गाडीत घडत नाही? उत्तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. इंजिन चाकांना ज्या जोराने पिळते, तितक्याच जोराने ते स्वतः उलट दिशेला पिळले जाते. खालच्या गिअरात हा पीळ मोठा असतो. इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले असते. गॅरेजमध्ये त्यांना फाउंडेशन म्हणतात. जोर दिला की त्या आधारांवर इंजिन थोडे कलते. गाडीचे अंग मात्र कलत नाही. तेव्हा एक टोक इंजिनावर आणि दुसरे टोक अंगावर, अशी जी तार असेल ती ताणली जाणार. अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणारी जाड तार नेमकी अशीच असते.

या दुसऱ्या अंदाजाची परीक्षा त्यांनी अशी घेतली. मीटरला लांब तारा जोडल्या. एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या खुंटीवर आणि दुसरे बॅटरीच्या धन अग्रावर घट्ट बसवले. मधल्या तारा पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर बांधून खिडकीतून आत घेतल्या. मी गाडी चालवायची आणि त्यांनी मीटर वाचायचा, असे ठरले. रहदारी नसलेल्या एका चढावर गेलो.

येथे एखादा विद्यार्थी विचारील, एकाच तारेच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावून काय मिळणार? शून्यच ना? तार आदर्श असती तर शून्यच मिळाले असते. पण प्रत्येक तारेला थोडा रोध असतो, आणि प्रवाह वाहत असेल तर प्रवाह गुणिले रोध इतके विभवांतर तिच्या टोकांमध्ये मिळतेच. गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडलेला नियम तो हाच! सावकाश चालताना मीटरने ०.१५ व्होल्ट दाखवले. हे योग्यच होते. मग मी दुसऱ्या गिअरात पाय पूर्ण दाबला आणि शेजारून आवाज आला, "दोन व्होल्ट!" फळीवर तांबडा दिवा मिणमिणत होता.

तो मिणमिणत का होता हेही आता उलगडले. बारा व्होल्टच्या दिव्याला जेमतेम दोन व्होल्ट मिळत होते. दिवसाउजेडी असा दिवा दिसलाही नसता. हेडलाइट लावले की तारेतील प्रवाह वाढतो, म्हणून विभवांतरही वाढते.

गाडी थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवून त्यांनी ती जाड तार काढली. टोकाजवळचे आवरण कडक व काळे पडले होते. आत तांब्याचे बहुतेक धागे तुटले होते. उरलेल्या थोड्या धाग्यांवर सारा भार होता. गंमत म्हणजे अल्टरनेटर बदलताना हीच तार सोडवून पुन्हा तशीच बसवली होती! पुढे पाहिले तर इंजिनाचे एक फाउंडेशन रबर फाटलेले होते, म्हणून इंजिन नको तितके कलत होते. नुसती तार बदलून थांबलो असतो, तर काही महिन्यांनी नवी तारही तशीच तुटली असती. तार व रबर मिळून खर्च हजार रुपयांच्या आत झाला.

एक हिशेब तुम्हीच करून पाहा. तारेतून ३५ अँपिअर वाहत असतील आणि तुटक्या टोकाशी २ व्होल्ट पडत असतील, तर तेथे ७० वॅट उष्णता निर्माण होते. आपल्या प्रयोगशाळेतील लहान सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटचा असतो. तसे जवळजवळ तीन आयर्न, पेट्रोलच्या इंजिनाशेजारी, बोटभर जागेत! नवी बॅटरी आणि नवा अल्टरनेटर बसवून मी निश्चिंतपणे घरच्या माणसांना या गाडीतून फिरवीत होतो.

गॅरेजची तपासणी खोटी नव्हती. १४.१ हे वाचन खरेच होते. पण ती तपासणी दोष हजर नसताना केलेली होती. घाटात येणारा ताप मोजायला दवाखान्यात थर्मामीटर लावला, असे झाले.

एक सावधगिरीची गोष्ट येथेच सांगतो. अलीकडच्या अनेक मोटारींत चालकाने पूर्ण जोर मागितला की संगणक मुद्दाम अल्टरनेटरचे काम कमी करतो, म्हणजे तेवढी शक्ती चाकांना मिळते. आणि गाडी मंदावताना तो बॅटरी अधिक भारित करून घेतो. तेथे जोर देताना बॅटरीवरचे व्होल्ट उतरले, तर तो दोष नसून योजना असू शकते. त्या गाड्यांत तांबडा दिवाही इलेक्ट्रॉनिक मंडलाच्या हुकमाने लागतो. तेव्हा यंत्रणा कशी बांधली आहे हे कळल्याशिवाय मीटरवरच्या आकड्याला अर्थ नसतो.

आता माझे मत

या प्रकारानंतर मला आमच्याच प्रयोगशाळेतील एक प्रसंग आठवू लागला. काही वर्षांपूर्वी ओहमच्या नियमाच्या प्रयोगात बारावीच्या एका विद्यार्थिनीची वाचने जुळत नव्हती. आलेखावर तिसरा बिंदू रेषेबाहेर पडत होता. तिने वहीत प्रामाणिकपणे लिहिले होते, "जोडणीला हात लागला की काटा हलतो." ती मला म्हणाली, "सर, तार तपासून बघू का?" तास संपत आला होता. मी म्हणालो, "आता वेळ नाही. शेजारच्या टेबलावरची वाचने घे आणि आलेख पूर्ण कर." तिने तसे केले नाही. स्वतःची वाचने तशीच ठेवली. मी लाल शाईने गोल काढला आणि गुण कमी दिले. ज्यांची रेषा सरळ आली त्यांना पूर्ण गुण दिले. त्यांतल्या कित्येकांनी आधी रेषा काढून मग वाचने लिहिली असतील, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

कऱ्हाडहून परतल्यावर मी त्या टेबलावरच्या तारा तपासल्या. एकीच्या टोकाशी आवरणाखाली धागे तुटलेले सापडले. अगदी माझ्या मोटारीसारखेच. ती मुलगी तोपर्यंत महाविद्यालय सोडून गेली होती. तिचे वाचन बरोबर होते. तिची शंका बरोबर होती. तिने विचारलेली परीक्षा बरोबर होती. चूक होती ती गुण देणाऱ्याची.

माझे मत असे आहे की, आपले प्रयोग विद्यार्थ्याला ठरलेल्या उत्तराशी जुळवून घ्यायला शिकवतात. उत्तर न जुळल्यास काय करावे ते शिकवीत नाहीत. आणि आयुष्यात तर बहुतेक वेळा उत्तर न जुळण्यापासूनच सुरुवात होते. पंप पाणी चढवीत नाही, मिक्सर मध्येच थांबतो, पिकाची पाने पिवळी पडतात, रोग्याचा ताप उतरत नाही. अशा वेळी अंदाज करणे, प्रत्येक अंदाज खरा असेल तर काय दिसले पाहिजे ते ठरवणे, आणि मोजून एकेक अंदाज बाद करणे, ही रीत ज्याला येते त्याला विज्ञान आले असे मी म्हणेन. ज्याला नुसती सूत्रे येतात तो माझ्यासारखा बॅटऱ्या बदलत बसतो.

म्हणून माझी सूचना अशी की, इयत्ता नववीपासून पुढे वर्षाला निदान दोन प्रयोग दोषशोधनाचे असावेत. दोन कोरडे घट, कळ, लहान बल्ब व अँमीटर यांचे साधे मंडल घ्यावे आणि शिक्षकांनी त्यात गुपचूप एक दोष ठेवावा: आवरणाखाली तुटलेली तार, गंजलेली कळ, उतरलेला घट किंवा उडालेला बल्ब. विद्यार्थ्याने वहीत चार रकाने आखावेत: माझा अंदाज; तो खरा असेल तर काय दिसेल; प्रत्यक्ष वाचन; निष्कर्ष. गुण या चार रकान्यांना द्यावेत. दोष सापडला नाही, पण तीन अंदाज नीट मोजून बाद केले, तरी चांगले गुण मिळावेत.

यावर शिक्षकबंधू-भगिनी काय म्हणतील हे मी जाणतो, कारण मीही तेच म्हणत असे. "आधीच साहित्य अपुरे, त्यातून अर्धे बिघडलेले!" खरे आहे. पण या प्रयोगाला बिघडलेले साहित्यच लागते, आणि ते आपल्या प्रत्येक कपाटात मुबलक आहे. "एका तुकडीला वेळ पुरणार नाही." तोच मंडल-प्रयोग तीनदा करून घेतो, त्यातली एक वेळ याला द्यावी. "परीक्षकाला गुण देणे अवघड जाईल." जाईल खरेच. सरळ रेषेला गुण देणे फार सोपे असते, आणि त्या सोपेपणाची किंमत कोणी मोजली ते वर सांगितलेच आहे.

विद्यार्थिमित्रहो, शाळेने असा प्रयोग ठेवण्याची वाट पाहू नका. दोन जण मिळून करा: एकाने दोष ठेवायचा, दुसऱ्याने शोधायचा, मग पाळी बदलायची. मात्र एक अट कटाक्षाने पाळा. हा खेळ फक्त टॉर्चच्या घटांवर खेळायचा. घरातील विजेच्या तारांना आणि चालू इंजिनाला हात लावायचा नाही. ते काम जाणकाराचे आहे.

आणि पुढच्या वेळी प्रयोगशाळेत तुमचा बिंदू रेषेबाहेर पडला, तर तो खोडू नका. सरांना किंवा बाईंना दाखवा आणि विचारा, "तार तपासून बघू का?" वेळ नाही असे उत्तर आले, तर हा लेख त्यांना वाचायला द्या.